क्षमेचे हप्ते

आध्यात्मिक वाढ मोजण्याचं यंत्र अजून कोणी काढलेलं नाही, हे एका परीनं बरंच आहे. नाहीतर दर रविवारी पाळकसाहेबांनी चर्चच्या दारातच काटा मांडला असता, आणि मागल्या रविवारपेक्षा वजन घटलेली मंडळी मागल्या मागं घरी पळाली असती. यंत्र नाही म्हणून जो तो आपलं माप आपणच ठरवतो. कोणी अध्याय मोजतात. आमच्या बायबलात अध्याय ११८९. रोज तीन-चार वाचले की वर्षात पारायण पुरं. जानेवारीत 'उत्पत्ती' झपाट्यानं उरकते, 'निर्गमा'त तांबडा समुद्रही पार होतो, आणि मग येतं 'लेवीय'. कुठल्या यज्ञाला कुठल्या जनावराची चरबी जाळावी, याची तपशीलवार कलमं वाचताना समुद्र तरून आलेले भलेभले इथं कोरड्यावर बुडतात.

माझी गाडी मात्र लेवीयात अडलेली नाही. ती अडली आहे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, प्रभूच्या प्रार्थनेत. आमच्या मराठी भाषांतरात तिथं चक्क 'ऋण' आणि 'ऋणी' असे शब्द आहेत. आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे तसं तू आम्हांला सोड, असा तो रोखठोक व्यवहार. हे वाक्य मी पन्नास वर्षं घडाघडा म्हणत आलो. कारण उघड आहे, माझं कोणी देणंच लागत नव्हतं. शाळामास्तराकडे उसने मागायला येतो कोण?

आला. माझा चुलतभाऊच आला. तो तिकडे आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर असतो. पठारावरचा पावसाळी बटाटा प्रसिद्ध आहे. बेण्याला पैसे कमी पडले म्हणून त्यानं वीस हजार नेले. "दादा, दिवाळीला आणून देतो," म्हणाला. कोणत्या दिवाळीला, ते म्हणाला नाही. पहिल्या वर्षी करप्यानं बटाटा गेला. दुसऱ्या वर्षी बटाटा रग्गड आला आणि भाव गेला. तिसऱ्या वर्षी काय गेलं ते कळायच्या आधी तो चर्चमध्ये माझ्या शेजारचा बाक सोडून खांबाआड बसू लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो प्रभुभोजनासाठी एस.टी.नं जुन्नरला येतो. त्या दिवशी सगळी मंडळी प्रार्थनेत 'आमेन'ला पोचतात, मी ऋण्यांपाशीच.

इंग्रजी शाळेतल्या माझ्या पुतण्याला यातली अडचण कळत नाही. त्यांच्या प्रार्थनेत तिथं 'ट्रेसपास' असा शब्द आहे म्हणे. आता हा शब्द आपण बंगल्याच्या फाटकावर वाचलेला. अर्थ, दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं. भाषांतरकारांनी ऋण धरलं हे जुन्नर-आंबेगावकरांवर उपकारच म्हणायचे. इकडचा माणूस एखाद्या वेळी कर्ज सोडेल. बांध कोरलेला सोडणार नाही.

पाळकसाहेबांनी एकदा मत्तयाच्या अठराव्या अध्यायावर उपदेश केला. राजानं चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ केलं आणि त्या चाकरानं सोबत्याला 'क्षुल्लक' शंभर दिनारांसाठी तुरुंगात घातलं. मी बसल्या बसल्या हिशेब केला. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार; तेव्हा पहिलं कर्ज दुसऱ्याच्या सहा लाख पट. हे ठीक. पण दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. शंभर दिनार ही तीन महिन्यांवरची मजुरी झाली! क्षुल्लक कशी? हे मी बाहेर पडताना पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, गणित बरोबर आहे," आणि पुढच्या माणसाशी हस्तांदोलन करू लागले.

आमच्याच तालुक्यात ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. त्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो. पूल मलाही दिसतो. कुकडीही घराजवळ आहे. पण आमचा व्यवहार पडला तोंडी. बुडवायला कागद कुठून आणू?

तेव्हा मी हप्ते पाडले. पहिल्या वर्षी मनातल्या मनात धरलेलं व्याज सोडलं. दुसऱ्या वर्षी पेपरात मंचरच्या बाजारातला बटाट्याचा भाव बघणं सोडलं. तिसरा हप्ता जड होता: त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करायची. नाव घेतलं की पाठोपाठ 'त्याला परतफेडीची सुबुद्धी दे' हे आपोआप यायचं, आणि डोळे मिटलेली आमची ही शेजारून खाकरायची.

मग ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो आला नाही. सप्टेंबरलाही नाही. ही म्हणाली, "अहो, तुमच्या वीस हजारांपायी तो प्रभूच्या मेजाला मुकला."

यावर मला उत्तर सुचेना. सुचलं नाही म्हणून एस.टी.त बसलो. पठारावर काढणी चालली होती. मला बघून त्याचा चेहरा बेण्याच्या बटाट्यासारखा सुरकुतला. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, बिबट्याचं झालं. पैशाचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना त्याची बायको म्हणाली, "दादा, प्रार्थना करून जा." वडील मीच. प्रभूची प्रार्थना सुरू केली. त्या वाक्याशी आलो आणि थांबलो. तोही थांबलेला ऐकू आला. शेवटी त्याच्या बायकोनं ते वाक्य एकटीनं म्हटलं, आणि तिच्या मागून आम्ही दोघं कसेबसे 'आमेन'पर्यंत पोचलो.

त्यानं स्टँडवर येऊन एक पोतं गाडीत चढवलं. कंडक्टरनं त्याचंही तिकीट काढलं. घरी हिनं पोत्याकडे बघून विचारलं, "हे व्याजात की मुद्दलात?"

"बटाटे आहेत," मी म्हटलं. "भाजी कर."