एक यादी, दोन नावे

शाळेत कागदांचे ढीग असतात, पण जनरल रजिस्टर एकच. मूल दाखल झाले की त्यात त्याची एक ओळ पडते: रजिस्टर क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण. पुढे हजेरी, निकालपत्रक, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि शेवटी शाळा सोडल्याचा दाखला, सगळे त्या एका ओळीवरून लिहिले जाते. वर्गशिक्षकाने जन्मतारीख मनाने घालायची नसते. रजिस्टर मागवायचे, बघायचे आणि उतरवून घ्यायचे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे याच रीतीला ‘सिंगलटन’ म्हणतात. 1994 साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक आले. त्यातल्या 23 रचनांपैकी ही एक. सांगणे साधे आहे: काही वस्तू पूर्ण प्रोग्राममध्ये एकच असावी आणि ती मिळण्याची वाटही एकच असावी. ज्याला हवी त्याने मागावी, स्वतःची नवी करू नये.

मला हे कळले ते माझ्या भाचीमुळे. ती जळगावला डिप्लोमा करते. सुट्टीत भडगावला आली तेव्हा पायथनमध्ये शाळेसाठी छोटा प्रोग्राम लिहीत होती. एक फाइल हजेरीची, एक गुणांची. मुलांची यादी हजेरीच्या फाइलमध्ये आणि दोघींना तीच हवी. एका संध्याकाळी वैतागून म्हणाली, “खाला, यादी एकच केलीय, तरी दोन होतात. हजेरीत टाकलेलं नाव गुणांत दिसतच नाही. तुम्हीच बघा.”

मग तिनेच शोधून मला समजावले. पायथन एखादी फाइल पहिल्यांदा मागवली की ती चालवते आणि तयार झालेला माल एका तक्त्यात नावानिशी ठेवते. दुसऱ्याने मागितली की तक्ता बघते. नाव सापडले तर तोच माल देते. म्हणून वेगवेगळ्या वेळी आलेल्या फाइलींनाही एकच यादी मिळते. पण तक्त्यात शोधले जाते ते फक्त नाव. जी फाइल आपण थेट चालवतो, तिला पायथन ‘मेन’ असे वेगळेच नाव देते. ती हजेरीची फाइल थेट चालवत होती आणि गुणांच्या फाइलने तिलाच ‘हजेरी’ या नावाने मागवले. तक्त्यात ‘हजेरी’ नव्हती. पायथनने तीच फाइल पुन्हा चालवली आणि दुसरी, कोरी यादी तयार झाली. फाइल एक, नावे दोन, म्हणून याद्या दोन. जावास्क्रिप्टच्या ‘नोड’मध्येही असे होते. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न मानणाऱ्या संगणकावर फाइलच्या नावातली अक्षरे लहानाची मोठी करून मागवली, तर फाइल तीच उघडते, पण माल दोनदा तयार होतो.

हे ऐकताना मला माझे विद्यार्थी आठवले. उर्दूत मुहम्मद लिहायला मीम, हे, मीम, दाल ही चार अक्षरे पुरतात. जेर-जबर सहसा कोणी घालत नाही. मराठीत त्याचे मोहम्मद, महंमद, मुहम्मद होते. इंग्रजीत शेवटी कोणी ‘ए-डी’ लिहितो, कोणी ‘ई-डी’, कोणी नुसते ‘एम-डी’. शेखचीही तीच गत. मूल एकच, पण आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या यु-डायस नोंदीत दुसरे. अपार क्रमांक काढताना ही दोन नावे जुळावी लागतात. न जुळल्यास काम अडते, बापाची मजुरी बुडते आणि पोराला कळतही नाही की कागदावर आपण दोन झालो आहोत. यंत्राला राग नाही की लोभ नाही. नाव वेगळे, म्हणजे माणूस वेगळा, एवढेच त्याला ठाऊक.

भाचीने यादी हजेरीतून काढून तिसऱ्या लहान फाइलमध्ये ठेवली. आता हजेरी आणि गुण दोघीही ती एकाच नावाने मागतात. प्रश्न मिटला.

सिंगलटनवर टीकाही होते आणि ती खरी आहे. सगळ्यांची वस्तू एक, म्हणजे एकाने बिघडवली की सगळ्यांची बिघडते आणि कोणी बिघडवली हे लवकर सापडत नाही. म्हणूनच जनरल रजिस्टरमध्ये मुख्याध्यापकसुद्धा मर्जीने खाडाखोड करू शकत नाहीत. पुरावा लागतो, वरची मंजुरी लागते. प्रोग्राममध्येही बदलाचे दार एकच ठेवावे. आणि जे सगळ्यांना लागत नाही ते वाटून घेऊच नये. माझी टाचणवही माझ्यापुरतीच बरी.

आई-वडिलांना माझे सांगणे एवढेच. जूनमध्ये मुलाला दाखल करायला याल तेव्हा जन्मदाखला आणि आधार दोन्ही आणा. उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिपींत नाव लिहून घ्या आणि अक्षर-अक्षर वाचून मगच सही करा. तुम्हाला वाचता येत नसेल तर बाईंना, सरांना मोठ्याने वाचायला सांगा. पाच मिनिटे जातील. पोराचे नाव पुढची पन्नास वर्षे त्याच ओळीवरून उतरवले जाणार आहे.