घाटाआधीचा एक प्रश्न

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री डोंगर उतरून पोलादपूरला येते, तिथून महाड आणि दासगाव करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या काठच्या अनेक गावांत आपल्या समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरातला एक तरी माणूस मुंबईत, नाहीतर आखातात. ईदला, लग्नसराईला ही माणसे गावी येतात आणि महिना-दीड महिना घर भरलेले राहते. अलीकडे या दिवसांत अंगणात आणखी एक पाहुणा दिसतो. आंब्याच्या सावलीत उभी असलेली, नुकतीच घेतलेली जुनी गाडी.

जुनी गाडी घेण्यामागे आपल्या घरांत एक खास कारणही असते. नवी गाडी म्हणजे बहुधा कर्ज आणि कर्ज म्हणजे सूद. तो टाळायचा तर साठवलेल्या पैशांत, रोखीने, आठ-दहा वर्षांची गाडी घ्यायची. निर्णय चांगला आहे. पण घेताना आपण काय पाहतो? टायर, रंग, एसी, सीट कव्हर आणि मीटरवरचा आकडा. आरसी बुक आणि विमा पाहिला की मुबारकबाद देऊन मोकळे होतो. “टाईमिंग बेल्ट कधी बदलला?” हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

हा बेल्ट, म्हणजे दातेरी रबरी पट्टा, इंजिनाच्या एका बाजूला कव्हरखाली झाकलेला असतो. इंजिनात पिस्टन खाली-वर होतात. हवा आत घेण्यासाठी आणि धूर बाहेर सोडण्यासाठी व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा तो कॅमशाफ्ट. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरला पाहिजे. हा मेळ राखण्याचे काम पट्ट्याचे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. पट्टा तुटला की कॅम थांबतो, उघडे व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वर येणारे पिस्टन त्यांच्यावर आदळतात. बहुतेक डिझेल इंजिनांत आणि अनेक पेट्रोल इंजिनांत हेच होते. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी पिस्टनही जातो. पट्टा वेळेवर बदलायला लागतो त्याच्या अनेक पट खर्च मग येतो.

प्रत्येक गाडीला हा पट्टा नसतो. काहींत त्याच्या जागी लोखंडी साखळी असते. मारुती ८००, ओम्नी, जुनी ११०० सीसीची वॅगनआर, जुनी सँट्रो, डिझेल इंडिका, दीड लिटर डिझेलची डस्टर या पट्ट्याच्या गाड्या. स्विफ्टचे १.३ लिटर डिझेल इंजिन साखळीचे. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हाला पट्टा आहे, नंतरच्या २.४ लिटर क्रिस्टाला साखळी. साखळी सैल झाली की बहुधा आवाज करून कळवते. पट्टा मात्र बहुतेक वेळा काहीच न सांगता जातो.

आपल्या भागात ही गोष्ट जास्त महत्त्वाची ठरते ती इथल्या रस्त्यांमुळे. महाडहून पोलादपूर सुमारे अठरा किलोमीटर, रस्ता तसा सरळ. पोलादपूरला मात्र डोंगर पुढ्यात येतो. दक्षिणेला खेडकडे जाताना कशेडी. तिथे आता बोगदा झाल्याने जुन्या घाटाची वळणे बरीचशी टळतात. पूर्वेला आंबेनळी घाट, प्रतापगडाच्या पायथ्याजवळून महाबळेश्वरला नेणारा. जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघून सुमारे चाळीस किलोमीटरांत गाडी तेराशे मीटरांवर पोहोचते. पाहुणे आले की सहल ठरलेली असते ती इथलीच. सात जणांच्या गाडीत नऊ जण, मागे बिर्याणीचा डबा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओरडणारे इंजिन. घाटातल्या एका किलोमीटरला इंजिन सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त फेरे घेते. मीटरवर एकच किलोमीटर चढतो, पट्ट्याला मात्र जास्त मजुरी पडते.

घाटात पट्टा तुटला तर इंजिन त्याच क्षणी बंद पडते. पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत पुरतो, पुढे पेडल दगडासारखे होते. उतारावर, पावसात, धुक्यात हे किती अवघड असेल याची कल्पना करा. अशा वेळी पेडल पुन्हा पुन्हा दाबू नये. एकदाच घट्ट दाबून धरावे, गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी, हँडब्रेक हळूहळू ओढावा. गाडी थांबल्यावर पुन्हा किल्ली मारून पाहू नये. वाचलेले इंजिनही त्यामुळे जाते.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ कुवेतहून रजेवर आला आणि त्याने शेजारच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून डिझेलची एक गाडी घेतली. अकरा वर्षांची, मीटरवर बासष्ट हजार. सर्व्हिस बुकात पहिल्या चार वर्षांचे शिक्के होते, पुढची पाने कोरी. शनिवारी अम्मीला आणि मुलांना घेऊन महाबळेश्वरला जायचे ठरले. गुरुवारी आम्ही गाडी महाडच्या एका मिस्त्रीकडे ऑइल बदलायला नेली. त्याने सर्व्हिस बुक चाळले आणि पट्ट्याबद्दल विचारले. कंपनीने मुदत किलोमीटरमध्येही दिली होती आणि वर्षांतही. किलोमीटर पुरे झाले नव्हते, वर्षे केव्हाच उलटली होती.

भाऊ म्हणाला, “आपा, गाडी काय सुरेख चालते! आधी सहल करून येऊ, मग बदलू.” त्याचेही बरोबर होते. रजेचे नऊ दिवस उरले होते, किट पनवेलहून मागवायचे होते, त्यात सहल पुढे जाणार होती. मिस्त्रीने वरचे कव्हर काढून बॅटरीच्या उजेडात पट्टा दाखवला. काळा, अखंड, कुठेही फाटलेला नाही. भावाचा चेहरा खुलला.

मिस्त्री म्हणाला, “दिसायला ठीकच दिसणार. बदलायचा तर आहेच ना? मग घाटाआधी बदला. पैसे तेवढेच लागणार.”

हे वाक्य मला पटले. पट्टा सहलीआधी बदला किंवा नंतर, खर्चात एका रुपयाचा फरक नाही. फरक आहे तो मधल्या धोक्यात, आणि त्या धोक्यात अम्मी व मुले बसणार होती. सहल दोन दिवस पुढे गेली. मुले रुसली, अम्मीने घरीच मालपुवे केले.

किट आले, जुना पट्टा उतरला. मिस्त्रीने तो उलटा वाकवून दाखवला तेव्हा दात्यांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. सरळ असताना त्या मिटलेल्या होत्या. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर हाताने फिरवला तर खरखरत होता. खालच्या कव्हरमध्ये वाळलेल्या गाळाचा थर होता. तो पाहून मिस्त्री एवढेच म्हणाला, “ही पुरातली गाडी.”

महाड-पोलादपूरच्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत, घरांत शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. माणसांच्या त्या दुःखापुढे गाड्यांचे नुकसान कोण मोजणार! पण पाण्यात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या गेल्या. सीट वाळतात, वास जातो. पट्ट्याच्या कव्हरमध्ये शिरलेला गाळ तिथेच राहतो, बेअरिंग खातो, दात्यांत दळला जातो.

पट्टा चांगला दिसतो म्हणून तो चांगला आहे असे मानू नये, हे आपल्या भागाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. महाड-पोलादपूर जोडणारा सावित्रीवरचा जुना दगडी पूल १९२८ चा. २०१६ च्या मे महिन्यात त्याची पाहणी झाली, वाहतुकीला धोका नाही असे सांगितले गेले. २ ऑगस्टच्या रात्री पुरात तो कोसळला आणि दोन एसटी बस व इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. पुढच्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. त्यावरून जाताना आजही अनेकांचे हात दुआसाठी उठतात. पुलाची आणि पट्ट्याची बरोबरी करण्याचा हेतू नाही. पण ज्याचे वय झाले आहे आणि ज्याचा भार दिसत नाही, त्याच्याबद्दल नुसती नजर पुरेशी नसते, एवढे दोन्हीकडे खरे आहे.

मग ठरवायचे कसे? आधी गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिन सांगून पट्टा की साखळी हे नक्की करा. पट्टा असेल तर त्याच इंजिनाची मुदत कंपनीच्या पुस्तकात पाहा. ती इंजिनागणिक बदलते, साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत. सोबत वर्षांची मर्यादा असेल तर दोहोंपैकी जे आधी पुरे होईल ते धरा. उभ्या गाडीतले रबरही म्हातारे होते. वर्षातले दहा महिने अंगणात राहणाऱ्या आखातवाल्यांच्या गाड्यांना हे विशेष लागू आहे. मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. गाडीच्या जन्माचे साल आरसी बुकातून हलत नाही.

पट्टा बदलल्याचे बिल मिळाले, त्यावर तारीख आणि किलोमीटर असतील तर हिशेब तिथून सुरू करा. बिल नसेल आणि मुदत उलटली असण्याची शक्यता असेल तर तो बदललेलाच नाही असे समजा. “बदलला असेल” हा पुरावा नव्हे. गाडीचा सौदा करतानाच हा खर्च किमतीतून वजा करून मागा आणि पहिल्या घाटाआधी काम उरका. गाडी पुरात उभी होती का, हे स्पष्ट विचारा. होती असे कळले, किंवा पट्ट्यावर ऑइल झिरपलेले दिसले, तर मुदत बाकी असली तरी थांबू नका. एकटा पट्टा बदलू नका. टेन्शनर आणि आयडलर सोबत बदला. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर फिरतो, तिथे तोही बदला. उद्या पंप अडकला तर नवा पट्टाही जाईल आणि मजुरी पुन्हा द्यावी लागेल. आणि पट्टा जुना असल्याची शंका असेल तोवर गाडी धक्का मारून सुरू करू नका. त्या हिसक्याने दाता चुकू शकतो.

आता विकणाऱ्याबद्दल. भावाने त्याला फोन केला तेव्हा तो सरळ म्हणाला, “हो, पुरात चाकभर पाणी लागलं होतं. धुऊन घेतली, नंतर छान चालली. तुम्ही विचारलं नाही, मला सांगायचं सुचलं नाही.” माणूस खोटारडा नव्हता. पण व्यवहारात एवढे पुरेसे आहे का? मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना आत ओलावा लागला, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. त्या विक्रेत्याला कोणी आधी विचारले नव्हते. दोष स्वतःहून दाखवणे त्याच्यावर होते. आपल्या फिकहमध्ये लपलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला दिला आहे, तो याच कारणाने. गाडीचे बंद कव्हर आणि धान्याची रास यांत फरक तो काय? घेणाऱ्याने विचारावे हे खरेच, पण विकणाऱ्याने त्याच्या विचारण्याची वाट पाहू नये. आपल्या माणसाला, ओळखीत, नात्यात विकताना तर मुळीच नाही.

आपल्याकडे “अल्लाह मालिक आहे” म्हणून किल्ली फिरवण्याची सवय आहे. मालिक तोच आहे, यात शंका नाही. पण तवक्कुलच्या आधी उंट बांधायला सांगितले आहे, आणि आपल्या उंटाची दोरी कव्हरखाली आहे.

जुना पट्टा हातात घेऊन भाऊ मिस्त्रीला म्हणाला, “हा अजून वर्षभर गेला असता.” मिस्त्री हात पुसत म्हणाला, “गेलाही असता. घरी गेला असता की घाटात, ते मी कसं सांगू?” याला उत्तर नाही, आणि वेळेवर पट्टा बदलणाऱ्याला ते कधी मिळतही नाही. सगळे सुखरूप घरी येतात, खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. असा वाया गेलेला खर्च प्रत्येक घराच्या नशिबी यावा.

शेवटी एक लहानसे काम. पट्टा बदलला की एका कागदावर तारीख, मीटरचा आकडा आणि काय काय बदलले ते लिहा, बिलासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हिस बुकात ठेवा. तुमच्यानंतर ही गाडी कोणाच्या अंगणात जाईल ते माहीत नाही. त्या घरातही एक अम्मी असेल, मुले असतील, महाबळेश्वरचा बेत असेल. त्यांना विचारावे लागणार नाही, कागदच सांगेल.