चिप स्वदेशी आली. प्रोग्रामर कोणता घ्यावा?

तिरुअनंतपुरमच्या सी-डॅकचा ‘तेजस-३२’ असो वा आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, स्वदेशी प्रोसेसरची बातमी आली की चर्चा रंगते ती मेगाहर्ट्‌झ आणि नॅनोमीटरची. माझे विद्यार्थी मात्र भलताच प्रश्न विचारतात: “सर, प्रोग्राम बर्न करायला काय घेऊ?” मला हाच प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. महिन्याच्या खर्चातून वाचवलेले पैसे एकदाच खर्चायचे असतात.

माझ्या खणात यूएसबीएएसपी आहे. ते एव्हीआर कुळाचे. एसटी-लिंक आहे, ते एआरएम गाभ्याच्या एसटीएम३२ चिपचे. दोन्ही स्वस्त आणि आपापल्या घरी उत्तम. पण तेजस-३२ आणि शक्ती रिस्क-फाइव्ह या मुक्त आज्ञासंचावर उभे आहेत. तेथे ही दोन्ही साधने मुकी होतात.

तेजस-३२ च्या ‘एरीज’ बोर्डाला आरंभी वेगळे काही लागतही नाही. यूएसबी केबल जोडावी, आर्डुइनो आयडीईतून प्रोग्राम चढवावा. एलईडी लुकलुकवण्यापुरते एवढे पुरे. परंतु प्रोग्राम मध्येच गोठला, तर ही वाट आपण स्वतः छापलेल्या अक्षरांपलीकडे काहीच सांगत नाही. चिप थांबवून तिचे रजिस्टर वाचायचे, तर डीबगर हवा.

म्हणून माझा आग्रह एफटी२२३२एच चिपवर आधारलेल्या सर्वसाधारण अ‍ॅडॅप्टरचा. त्यावर जेटॅगच्या चार तारा मिळतात. एका रोधकाची जोड दिली की एआरएमची दोन तारांची एसडब्ल्यूडीही साधते. सोबतीला ओपनओसीडी ही मुक्त आज्ञावली. (तिचा उगम २००५ साली ऑग्सबर्ग येथील डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या पदविका-प्रबंधात आहे, हे आमच्या प्रकल्पवाल्यांनी जरूर ध्यानात घ्यावे!) कंपनीचे बंदिस्त साधन अधिक सुबक असेल, पण चिप बदलली की ते पुन्हा खणात जाते.

खरेदीपूर्वी बोर्डाचा आराखडा उघडून जेटॅगच्या पिना बाहेर काढल्या आहेत का, ते पाहावे. व्होल्टेजही तपासावे, ३.३ व्होल्टच्या पिनेला ५ व्होल्ट दिले तर बोर्ड जायला क्षण पुरतो.

अलीकडे एका विद्यार्थिनीचा रिस्क-फाइव्ह बोर्ड असाच गोठला होता. दोन दिवस ती कोड उलटसुलट करीत होती. जेटॅग जोडून चिप थांबवली, तेव्हा प्रोग्राम काउंटर एकाच लूपमध्ये फिरताना दिसला: सेन्सरच्या उत्तराची वाट पाहणारा लूप. कोड निर्दोष होता. ब्रेडबोर्डवरील सेन्सरची तार सैल होती.