कातान्झारोची पेनल्टी

काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या कोनाड्यात एक रेडिओ होता. त्याच्यावर हक्क काकांचा. रात्रीची जेवणे उरकली की काका लघुलहरींवर लंडन शोधीत बसत. खरखरीतून एखादा आवाज वर येई आणि पुन्हा बुडे. काकांना इंग्रजी बेताचेच येई. पण फुटबॉलचे धावते वर्णन ऐकायला भाषा कशाला लागते, असे ते म्हणत. रहीमसाहेबांच्या तालमीतले हैदराबादी खेळाडू त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये आपला संघ चौथा आला, ही गोष्ट ते घरातल्या प्रत्येक मुलाला एकदा तरी ऐकवीत.

१२ मे १९७९, शनिवार. इंग्लंडच्या एफ. ए. कपचा अंतिम सामना चालू होता. मी तेव्हा नुकताच एका खाजगी कंपनीच्या हिशेब खात्यात चिकटलो होतो. काकांनी हाक मारली म्हणून शेजारी जाऊन बसलो. आर्सेनल दोन गोलांनी पुढे, सामना संपायला चार मिनिटे, आणि तेवढ्यात मँचेस्टर युनायटेडने दोन्ही गोल फेडले. रेडिओत नुसता समुद्र गर्जत होता. त्यातून एक नाव वारंवार येऊ लागले : ब्रेडी. चेंडू ब्रेडीकडे, ब्रेडी पुढे, ब्रेडीकडून डावीकडे रिक्सकडे, रिक्सचा उंच फटका, आणि पलीकडच्या खांबापाशी धावत आलेल्या संडरलंडचा गोल. ३-२. काकांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, “गोल त्याचा नव्हे हो, त्या मधल्याचा!”

पुढे कळले, की तो मधला पार थकला होता. मोजे घोट्यांपर्यंत उतरले होते. चेंडू प्रतिपक्षाच्या पायात जाऊ नये, थोडा वेळ निघावा, एवढ्याच हेतूने आपण पुढे निघालो होतो, असे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितले. मला हे फार आवडते. मोठ्या गोष्टींचे श्रेय घेताना माणसे सहसा इतकी खरी बोलत नाहीत.

लिअम ब्रेडीचा जन्म १९५६ चा, डब्लिनच्या उत्तर भागातला. थोरले भाऊही फुटबॉल खेळत. आयर्लंडमध्ये त्या काळी फुटबॉल हा खेळ काही मंडळींना परकाच वाटे. गेलिक खेळ ते आपले, हा इंग्रजांचा. शाळेच्या गेलिक सामन्याऐवजी ब्रेडी आयर्लंडच्या शालेय फुटबॉल संघाकडून खेळायला गेला, आणि त्यापायी त्याला शाळा सोडावी लागली. देशासाठी खेळल्याबद्दल शिक्षा! पुढे पंधराव्या वर्षी तो लंडनला गेला. तिथल्या गुणी मुलांना पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आमच्या पणजोबांनीही नोकरीसाठीच गाव सोडले होते. त्यांना समुद्र लागला नाही एवढेच.

१९७३ ते १९८० तो आर्सेनलमध्ये होता. तीनशेहून अधिक सामने. शरीरयष्टी किरकोळ, उजवा पाय कामापुरता, डावा मात्र असा की चेंडू जणू त्याला चिकटून चाले. सोबत्यांनी त्याचे नाव ‘चिपी’ ठेवले. मला वाटले, चेंडू हलकेच उचलून टाकण्याच्या कौशल्यावरून असेल. तसे नव्हे, तळलेल्या बटाट्यांच्या आवडीवरून.

१९८० च्या मे महिन्यात ब्रसेल्सला युरोपीय कप विनर्स चषकाचा अंतिम सामना वॅलेन्सियाशी बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टींवर गेला. आर्सेनलची पहिली पेनल्टी ब्रेडीची. ती गोलरक्षकाने अडवली. आर्सेनल हरले. आर्सेनलकडून त्याच्या शेवटच्या दिवसांची ही आठवण मागे ठेवून तो इटलीला, युव्हेंटसकडे गेला. इटलीने परदेशी खेळाडूंना साठच्या दशकापासून बंद केलेले दार त्याच वर्षी किंचित उघडले होते, प्रत्येक संघात एक परदेशी इतकेच. ब्रेडीला दहा क्रमांकाचा सदरा मिळाला. पहिल्याच हंगामात साखळीत आठ गोल करून तो संघात अव्वल ठरला आणि युव्हेंटसने विजेतेपद मिळवले.

दुसऱ्या वर्षी नियम बदलला : पुढील हंगामापासून दोन परदेशी. युव्हेंटसने दोघांची निवड केली, पोलंडचा बोनिएक आणि फ्रान्सचा प्लातिनी. म्हणजे ब्रेडीला जागा नाही. हंगाम संपण्यापूर्वीच त्याला हे कळले. त्याच्या खेळात काही उणे होते असे कोणी म्हणाले नाही. प्लातिनी मोठाच खेळाडू होता. त्याने पुढे ते सिद्धही केले. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

१६ मे १९८२. हंगामाचा शेवटचा दिवस. युव्हेंटस आणि फिओरेन्तिना यांचे गुण सारखे. युव्हेंटसचा सामना दक्षिणेकडच्या कातान्झारो गावी, फिओरेन्तिनाचा कॅलियारीला. तिकडे गोलशून्य, इकडेही गोलशून्य. पाऊण तास उलटून आणखी अर्धा तास गेला, आणि युव्हेंटसला पेनल्टी मिळाली. चेंडू ब्रेडीने घेतला. ज्यांना तो नको होता त्यांच्यासाठी. दोन वर्षांपूर्वीची ब्रसेल्सची पेनल्टी त्याला आठवली असेल की नाही, कोण जाणे. डाव्या पायाचा फटका, चेंडू जाळ्यात. युव्हेंटस एका गुणाने विजेते. क्लबचे ते विसावे विजेतेपद. थोड्याच दिवसांत ब्रेडी सांपदोरियाकडे गेला, मग इंटरकडे, मग आस्कोलीकडे.

ही पेनल्टी मी पाहिली ती पुष्कळ वर्षांनी, पुतण्याच्या संगणकावर, काका गेल्यानंतर. चित्र धूसर. तीन-चार वेळा पाहिली. पुतण्या म्हणाला, “काका, साधीच तर आहे.” होती साधीच.

मायदेशानेही त्याला फारसे लाभू दिले नाही. अठराव्या वर्षी, १९७४ साली, सोव्हिएत संघाविरुद्ध तो पहिला सामना खेळला. आयर्लंडने ३-० असा विजय मिळवला. पुढे बहात्तर सामने. पण संघ प्रथमच मोठ्या स्पर्धेसाठी पात्र ठरला तो १९८८ च्या युरोपीय स्पर्धेसाठी, आणि पात्रता फेरीच्या अखेरच्या सामन्यात ब्रेडीला मैदानाबाहेर काढल्याने त्याच्यावर बंदी आली; पाठोपाठ गुडघा दुखावला. स्टुटगार्टला आयर्लंडने इंग्लंडला हरवले तेव्हा तो संघात नव्हता. सप्टेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध प्रशिक्षक जॅक चार्ल्टन यांनी त्याला मध्यंतराआधीच बाहेर बोलावले. त्याने निवृत्ती जाहीर केली. आयर्लंडची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९० ची, आणि ती भरली इटलीत, ज्या देशात त्याने सात वर्षे काढली होती तिथेच. उपान्त्यपूर्व सामन्यात इटलीने आयर्लंडला हरवले, त्या दिवशी इटालियन मैदाने ओळखणारा तो एक माणूस मैदानावर नव्हता. पुढे १९९६ ते २०१४ त्याने आर्सेनलची उगवती मुले घडवली. त्या कामाविषयी कमी लिहिले जाते.

आता माझे सांगतो. मार्च १९९४. पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर हिशेब खात्याची जबाबदारी माझ्याकडे येणार, असे सगळेच धरून चालले होते. महिन्याच्या मध्यास वरिष्ठांनी बोलावून सांगितले, की एक एप्रिलपासून बाहेरचे एक गृहस्थ येत आहेत, वर्षअखेरचा ताळेबंद मात्र तुम्हीच पुरा करून द्यावा. मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा दाखला पाठवला आणि दहा दिवस घरी बसलो. मला ताप नव्हता. माझ्या हाताखालच्या एका तरुण मुलाने, त्याच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता, रात्री जागून तो ताळेबंद पुरा केला. त्याच्या दोन चुका निघाल्या. बोलणीही त्यालाच बसली.

काकांना मी आजारपणच सांगितले होते. ते रोज खोलीच्या दाराशी येऊन कपाळाला हात लावीत. ताप नाही हे त्यांच्या हाताला कळत असणार. एकदाही बोलले नाहीत.

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या आरतीला तो मुलगा भेटला. मुलगा कसला, आता आजोबा झाला आहे. प्रसाद घेताना जुन्या कचेरीच्या गोष्टी निघाल्या. हसत म्हणाला, “साहेब, ते चौऱ्याण्णवचे वर्ष आठवते ना? तुम्ही नेमके आजारी पडला होता.”

मी म्हणालो, “हो.” मग थांबलो. आरतीचे तबक पुढे आले, त्याने माझ्यासाठी वाट करून दिली. निरांजनावर हात फिरवून मागे वळलो तेव्हा तो चपला शोधीत होता. मी हाक मारली, “थोडे थांबता का? एक सांगायचे राहिले आहे.”