क्लॅरोनेट

1976 ला मी दहावी झालो. दिवसा उसाला पाणी आणि रातच्याला बँडची तालीम. दोन क्लॅरोनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साईड ड्रम, ढोल, खुळखुळे, अशी सात माणसं. नोटेशन कुणालाच येत नव्हतं. मास्तर रेडिओवर गाणं ऐकायचे आणि सारेगमात बसवून द्यायचे. क्लॅरोनेटचा सगळा जीव त्या पट्टीत, रीडमध्ये. वैशाखाच्या उन्हात ती वाळली की आवाज बदकासारखा फाटायचा, म्हणून वाजवायच्या आधी तोंडात धरून भिजवायची. तेवढा वेळ बोलणं बंद!

'नागिन'च्या बीनशिवाय वरात पुढं सरकत नसे. सिनेमा 1954 चा, माझ्या जन्माआधीचा. त्यातली बीन खरी बीन नव्हतीच, क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर कल्याणजींनी वाजवलेली, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही ती गाल फुगवून काळ्या नळीतून काढायचो आणि नवरदेवाचे दोस्त धुळीत लोळायचे.

घरात आजा भडकला. "वाजंत्री व्हायला शाळा शिकवली व्हय?" बँडमध्ये सहा जण मांगवाड्यातले, कुणब्याचा मी एकटा. आमची पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाबाहेर. एकदा भावकीतल्याच लग्नात चुलत्यानं माझा हात धरला.

"तू आत चल, तुझं ताट वाढलंय."

मास्तर खाली बघून रीड पुसत राहिले.

"तात्या, आमी सात जण हाय. सात ताटं असली तर येतो."

तात्या काही न बोलता आत गेला. आम्ही बाहेरच जेवलो, भात पार गार झालेला. त्या रात्री वरातीत बीन सुरू करायची वेळ आली, तर मास्तरांनी आपलं क्लॅरोनेट खाली घेतलं आणि मला मानेनं खुणावलं.