'यस' टाइप करण्याआधी

रात्री प्रतापनगरच्या खोलीत कूलर घरघरतोय आणि मी टेराफॉर्मचा, म्हणजे कोडमधून सर्व्हर उभारणाऱ्या साधनाचा, प्लॅन वाचतोय. सरावातले सर्व्हर बिनधास्त उभारायचो, पाडायचो. ही मात्र चालू यंत्रणा, मुंबईच्या डेटा सेंटरमधली. लोक आत्ताही ती वापरताहेत. एन्क्रिप्शनची एकच ओळ बदललीय, तर डेटाबेसपुढे वजा-अधिक अशी जोडचिन्हं आली. म्हणजे आधीचा पाडणार, मग नवा, रिकामा बांधणार. पूर्ण 'यस' टाइप केल्याशिवाय काहीच हलत नाही. त्या शब्दाआधीचा थांबा मला फार मोलाचा वाटतो.

स्टेट फाइल, म्हणजे काय काय उभं आहे याची टेराफॉर्मने ठेवलेली नोंद, ही सातबाराच. कुणी परस्पर कन्सोलवरून बदल केला, की जमीन एक सांगते, उतारा दुसरंच. डेटाबेसवर आता 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' लावलंय. पाडायचा प्लॅन तिथेच अडतो. जुना डेटा नव्या डेटाबेसमध्ये कसा न्यायचा, ते अजून ठरत नाहीये.

दुसरा प्रश्न खुद्द साधनाचा. टेराफॉर्म 2014 मध्ये आलं. 2023 मध्ये त्याचा परवाना बदलला आणि त्यातूनच ओपनटोफू वेगळं निघालं. पुढे कुठल्या वाटेने जावं? मन ओपनटोफूकडे ओढतं. टीममधल्या ताईंना उद्या विचारीन म्हणतो.