आमचा रणगाडा

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक काचेचे कपाट आहे. त्यात पृथ्वीचा गोल, मानवी हृदयाची मातीची प्रतिकृती आणि तान्ह्या पोळ्याला कुणीतरी शाळेस भेट दिलेला लाकडी नंदी यांच्या शेजारी सध्या एक रणगाडा उभा आहे. तोफेची नळी सोडली, तर त्याची लांबी जेमतेम वीतभर भरेल. कपाटापुढून जाणारा प्रत्येक विद्यार्थी पृथ्वीकडे पाठ फिरवून त्या रणगाड्याकडे पाहतो. हा रणगाडा आम्ही जोडला, असे आम्ही सांगत असू. परंतु तो खरोखर कुणी जोडला आणि कुणासाठी जोडला, हे कळावयास आम्हांला वर्षभर लागले.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. खिळा ठोकू गेलो तर अंगठा ठेचावा, अशी आमची हस्तकलेतील ख्याती! तरीही लहान आकाराच्या वस्तूंचे वेड आमच्या रक्तात आहे, आणि त्याचा दोष आमच्या गावाकडे जातो. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगविलेल्या लाकडी फळांपुढे आम्ही बालपणी तासन् तास उभे राहत असू. खऱ्या आंब्यापेक्षा त्या खोट्या आंब्याचे आम्हांला अधिक नवल वाटे. तेव्हा या वयात आम्ही रणगाड्याचे सुटे भाग विकत घेतल्याचे दूरध्वनीवरून ऐकताच आमची आई कोकणीत जे उद्गारली, त्यात आश्चर्यापेक्षा ओळखच जास्त होती. “ह्या वयात खेळणी खेळतंस रे? शाळेतली पोरां काय म्हणतली?”

त्याचे असे झाले. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना आम्ही वाटेत अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला उतरलो. तेथे लष्कराने १९९४ साली उभारलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. देशोदेशींचे रणगाडे तेथे उघड्यावर, झाडांच्या सावलीत, थकलेल्या हत्तींसारखे उभे आहेत. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन आहेत, तसेच आपल्या सैन्याने वापरलेले सेंचुरियनही आहेत. याच गावातील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंचुरियन रणगाडा जतन केलेला आहे. तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. त्यांचा जन्म पुण्याचा, पलटण पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ विभागात, बसंतर नदीच्या लढाईत त्यांच्या रणगाड्यावर गोळा बसून तो पेटला. तो सोडून बाहेर पडण्याची त्यांना आज्ञा झाली. परंतु आपली तोफ अजून चालू आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि तेथेच पडले. त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. मरणोत्तर परमवीरचक्राने राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

आमच्या वर्गातील मुलांपेक्षा तो तरुण पाच-सहा वर्षांनीच मोठा होता, हा विचार पुणे येईपर्यंत आमच्या मनातून जाईना. पुण्यात एका दुकानात सेंचुरियनच्या सुट्या भागांची पेटी दिसली. तिच्यावर ‘१ : ३५’ असे छापलेले होते. आम्ही ती घेतली.

शाळा उघडल्यावर छंदाच्या तासाला आम्ही ती पेटी मुलांपुढे ठेवली. प्रारंभी पंधरा-वीस मुले जमली. पहिल्या आठवड्यात नुसती चाकेच कापून घासावयाची आहेत, असे कळताच ती पाचांवर आली. आणि दिवाळीनंतर एकच उरला. तो नववीतला, अबोल, भरवेलीहून सायकलने येणारा मुलगा. त्याचे वडील तेथील मँगनीजच्या भूमिगत खाणीत कामाला आहेत, एवढेच आम्हांला ठाऊक होते.

प्रथम आम्ही गणित केले. १ : ३५ म्हणजे काय? हे प्रमाण काही शास्त्रज्ञांनी बसून ठरविलेले नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६१ साली एक जर्मन रणगाडा खेळण्याच्या रूपात काढला. आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात, इतपत त्याचा आकार ठेवला. मागाहून मोजले तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा भरला, आणि पुढे जगभर तोच पायंडा पडला! सेंचुरियनचा सांगाडा साडेसात मीटरांहून थोडा अधिक लांब; त्याचे झाले जवळजवळ २२ सेंटिमीटर. उंची सुमारे ३ मीटर. तिचे झाले साडेआठ सेंटिमीटर. मग त्या मुलाने विचारले, “सर, वजनाला पण पस्तिसानेच भागायचे का?” आम्ही कला शाखेचे, आम्ही होकार देऊन बसलो असतो. पण त्याने आपणच मान हलविली. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही पस्तीसपट घटल्या, तर वजन पस्तिसाच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ ने भागावे लागेल. खऱ्या रणगाड्याचे वजन सुमारे ५२ टन. तेव्हा त्याच धातूचा, तसाच भरीव आणि तसाच पोकळ रणगाडा या आकारात केला, तर तो सव्वा किलोच्या आसपास भरेल. आमचा प्लॅस्टिकचा त्याच्या चौथाईही नव्हता.

या कामात आम्ही पुष्कळ शिकलो. प्लॅस्टिक जोडण्याचा द्रव हा डिंकासारखा चिकटत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवितो आणि ते एकमेकांत मिसळून एकजीव होतात. म्हणून बोटाला तो लागलेला असताना कुठेही हात लावता कामा नये. आम्ही लावला! पुढच्या तिरप्या चिलखतावर आमच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. त्या मुलाने एक शब्दही न बोलता दोन दिवस पाण्यात भिजविलेल्या पॉलिश कागदाने तो घासून काढला. शिक्षकाची चूक विद्यार्थ्याने इतक्या अदबीने पुसल्याचे दुसरे उदाहरण आमच्या नोकरीत नाही.

रणगाडा चिखलाने माखलेला दिसावा म्हणून आम्ही वैनगंगेच्या काठची वाळू आणली. ती पाहून तो म्हणाला, “सर, हा दाणा एक मिलिमीटरचा आहे. पस्तीसपट केला तर हा लिंबाएवढा दगड होतो.” मग ती वाळू टाकून देऊन त्याने नदीचा वाळलेला गाळ तीन वेळा मलमलीतून गाळला आणि त्या पिठासारख्या मातीचा चिखल चाकांना लावला. प्रमाण हे केवळ लांबी-रुंदीचे नसून धुळीचेही असते, हे आम्हांला तेव्हा कळले.

पट्ट्यांच्या वेळी मात्र आमच्या ज्ञानाला थोडा वाव मिळाला. रणगाडा चाकांवर उभा असला, तरी जमिनीवर चालतो तो पट्ट्यांवर. हे पट्टे साध्या लोखंडाचे केले, तर दगडधोंड्यांवर लवकर झिजतील. १८८२ साली रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने पोलादात सुमारे १२ टक्के मँगनीज घालून एक नवे पोलाद तयार केले. त्याचा गुण असा की, घाव बसतील तसतसे त्याचे पृष्ठ अधिकाधिक कठीण होत जाते. रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांना छेदतात तेथे आणि खडी फोडण्याच्या यंत्रांच्या जबड्यांतही ते वापरतात. सेंचुरियनचे पट्टे अशाच ओतीव मँगनीज-पोलादाचे असत. हे सांगताना आम्ही सहज म्हणालो, “म्हणजे तुझे वडील जे खणून काढतात तेच.” तो प्रथमच हसला, आणि त्या दिवशी त्याने पट्ट्याचे बावीस दुवे जोडले.

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात रणगाडा मांडावयाचे ठरले, तेव्हा इतिहास शिकविणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “रणगाडा हे खेळणे नव्हे. मुले त्याला खेळणे समजतील, आणि तो दोष मुलांचा नसेल.” आम्ही जरा दुखावलो. आम्ही उत्तर दिले की, आमच्या कामात धुळीच्या कणाचेसुद्धा प्रमाण चुकलेले नाही. यापेक्षा अधिक गांभीर्य ते कोणते? आम्ही सुवाच्य अक्षरांत एक तक्ता लिहिला. लांबी, रुंदी, उंची, वजन, पट्ट्यांचा धातू, लढाईचे नाव, तारीख आणि अरुण खेत्रपाल यांचे नाव. मनोऱ्याच्या उघड्या झाकणातून कमरेपर्यंत दिसणारा एक सैनिक पेटीतच होता, तो बसविला.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी लोटली. मुले तोफेचा पल्ला विचारीत होती. लहानगे तोंडाने धडाड्-धडाड् करीत होते. सहकाऱ्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले. आम्ही दुसरीकडे पाहिले.

सायंकाळी दिवे लागल्यावर त्या मुलाचे वडील आले. सकाळची पाळी संपवून, स्वच्छ सदरा घालून, टोपी हातात घेऊन ते उभे होते. तक्ता त्यांनी वाचला नाही. ते वाकले आणि बराच वेळ त्या लहानशा झाकणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, याच्या अंदर किती जन राहते?”

तक्त्यात सारे होते, हे नव्हते. आम्ही सांगितले, “चार. तोफ डागणारा, गोळा भरणारा, चालविणारा आणि त्यांचा अधिकारी.”

“अन् चालवनारा कुठं बसते?”

आम्ही सांगाड्याच्या पुढच्या भागातील उजव्या बाजूचे झाकण दाखविले. त्यांनी बोट पुढे केले, पण लावले नाही. “वर काई झालं, तर त्याले निंगता येते का?”

तेव्हा मुलगा मागून हळूच म्हणाला, “सर, दादा गेल्या वर्षी फौजेत लागला. अहिल्यानगरलाच आहे. चालवायचेच शिकतो आहे.”

जून महिन्यापासून जो मुलगा आमच्याबरोबर बसून चाके घासत होता, त्याने हे एकदाही सांगितले नव्हते; आणि आम्हीही, तू हाच छंद का धरून बसलास, असे एकदाही विचारले नव्हते. आम्ही त्या गृहस्थांना सांगितले की, आता आपल्या सैन्यात टी-९० सारखे रणगाडे आहेत. त्यांत तीनच माणसे असतात. गोळा भरण्याचे काम यंत्र करते, आणि चालक पुढे मधोमध बसतो. त्याच्या डोक्यावर त्याचे स्वतःचे झाकण असते. त्यांनी ते नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, “आमच्या खानीत पाळी संपली का मोजते. किती खाली गेले, किती वर आले. म्हनून विचारलं.” आणि टोपी घालून ते निघून गेले.

त्या रात्री आम्ही पुस्तके पुन्हा काढली. ‘फामागुस्ता’त त्या दिवशी अरुण खेत्रपाल एकटे नव्हते. सवार प्रयागसिंह, सवार नथूसिंह आणि सवार नंदसिंह हे तिघे त्यांच्याबरोबर होते. नंदसिंहही तेथेच कामी आले. आम्ही वाळूचा कण मोजला होता. माणसे मोजली नव्हती.

प्रदर्शन दुसऱ्या दिवशीही होते. सकाळी सातलाच तो मुलगा आला. आम्ही काड्यापेटीच्या काड्या, तार आणि मातीचा लगदा घेऊन बसलो. १ : ३५ च्या प्रमाणात माणूस ५ सेंटिमीटरांहून किंचित कमी उंचीचा होतो. दहापर्यंत तीन झाले. कमरेपर्यंतचा अधिकारी मनोऱ्यातून काढून त्यालाही मातीचे पाय दिले. नाकडोळे काही धड नव्हते. परंतु चार माणसे रणगाड्यापुढे, दिवसभराचे काम संपवून बाहेर आल्यासारखी, एका रांगेत उभी राहिली. तक्ता आम्ही नव्याने लिहिला. पहिली ओळ, “आत चार माणसे”. खाली चौघांची नावे. आणि लांबी-रुंदी त्यानंतर.

दुसऱ्या दिवशीही तोफेचा पल्ला विचारणारी मुले होतीच. पण पुष्कळजण त्या मातीच्या माणसांपुढे वाकत, ती मोजीत, आणि मग पुन्हा रणगाड्याकडे पाहत. आमचे सहकारी आले, त्यांनी पहिली ओळ वाचली आणि काही न बोलता आमच्या खांद्यावर हात ठेवला.

आता तो रणगाडा कपाटात आहे. दर शनिवारी तो मुलगा आणि आम्ही त्यावरची धूळ झटकतो. त्याने त्याचा एक नियम केला आहे, आणि आम्ही तो पाळतो. आधी चारही माणसे उचलून बाजूला ठेवायची, मोजायची, आणि मगच रणगाड्याला हात लावायचा.